मधल्या गच्चीवरून

मुंबई-पुण्याच्या टॉवरांची तुलना नेहमीच वाचायला मिळते. आम्ही विश्रामबागेतल्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी उभे असतो. पश्चिमेला सांगली, पूर्वेला मिरज. १९९८ पासून महापालिका एकच, पण चेहरे दोन. सांगलीचा म्हणजे कृष्णाकाठचं गणपती मंदिर आणि १९२९ चा आयर्विन पूल; मिरजेचा म्हणजे मीरासाहेब दर्ग्याचा घुमट. उंच इमारतींची चुरस इथं फारशी नाहीच (नसलेलीच बरी). उंची मोजायची ती पाण्याची. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेला सांगलीकर फ्लॅट बघायला गेला, की जिन्याशीच विचारतो, ‘इथं पाणी किती आलं होतं?’ मजला कितवा, लिफ्ट आहे का, हे नंतर. आयर्विन पुलापाशी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती.