सातबाऱ्यावर नाव आपले, मग राखण कोणाची?



आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत पर्यावरणाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "सिंगापूरने कसे करून दाखवले बघा!" आणि दुसरे, "आपल्याकडे सरकारच धड नाही, काय होणार?" या दोन्ही वाक्यांना माना डोलतात. पण ती बोलणाऱ्याला जबाबदारीतून अलगद मोकळे करतात, आणि म्हणूनच मला ती खटकतात.

पहिले वाक्य आधी घेऊ. आंग मो किओत राहणाऱ्यांना बिशान-आंग मो किओ पार्कची ओळख करून द्यायला नको. तिथे कलांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळसोट काँक्रीटच्या कालव्यातून वाहत असे. ते काँक्रीट काढून नदीला पुन्हा वळणे दिली, काठ हिरवे केले. २०१२ मध्ये काम पुरे झाले आणि नदी ३.२ किलोमीटर लांब झाली. मोठा पाऊस आला की काठचे मैदान पाणी पोटात घेते. पाणमांजरांची कुटुंबे तिथे पोहताना दिसतात. कौतुक करावे तेवढे थोडेच. पण एक गोष्ट आपण विसरतो. ती जमीन सरकारची होती. सिंगापूरमध्ये बहुतेक सगळी जमीन सरकारच्याच मालकीची आहे, त्यामुळे वारसांच्या सह्या गोळा करत कोणाला फिरावे लागले नाही.

कोकणात तसे नाही. खाडीकाठची खाजणे, खारेपाटातली भातखाचरे, गावाकडची तळी यांतले पुष्कळसे खासगी मालकीचे आहे. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, त्याखाली वारसांची रांग. त्या रांगेतला एक पुण्यात, एक न्यू जर्सीत आणि एक इथे, मंडळाच्या जेवणाच्या रांगेत! म्हणजे ज्या पाणथळ जमिनीसाठी आपण सरकारला शिव्या देतो, तिच्या मालकांपैकी एक आपणच असतो.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने संरक्षण दिले, मग जमीन कोणाचीही असो. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातशेती, मिठागरे आणि सिंचनासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. म्हणजे खारेपाटातले भातखाचर पावसाळ्यात कितीही पाणी धरो, बगळे-करकोचे कितीही पोसो, या नियमांच्या लेखी ते पाणथळ नाही. तिथे भराव पडायचा की नाही हे ठरते ते मुख्यतः मालकाच्या सहीवर.

आणि ही सही मागायला येणारा माणूस एकच शब्द वापरतो: "पडीक". "साहेब, पडीकच आहे, काय करणार ठेवून?" या शब्दावर माझा राग आहे. अलिबाग-पेणकडच्या खारेपाटात समुद्राला बांध घालून, उघाड्यांतून पाण्याची ये-जा सांभाळून पिढ्यान् पिढ्या भात पिकवले गेले. खाऱ्या जमिनीत तग धरणारा राता भात तिथलाच. शेततळ्यात वाढवलेला जिताडा तिथलाच. आपण इथे बाजारातून सी-बास म्हणून आणतो तोच मासा. याच भागातल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे चरीचा संप चालवला, उपाशी राहिले, पण हटले नाहीत. ती जमीन पडीक नव्हती. पोरे मुंबईला गेली, परदेशी गेली, बांधबंदिस्तीला हात उरले नाहीत, म्हणून ती पडून आहे. शिवाय पडून असली तरी ती कामावर असतेच. पावसाचे आणि भरतीचे पाणी कुठेतरी मावावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याच्या जागा बुजवलेल्या मुंबईत ते लोकांच्या घरात मावले.

खासगी मालक स्वतःहून राखण करतो का? करतो. विक्रोळीचे उदाहरण घ्या. गोदरेज कुटुंबाने १९४० च्या दशकात तिथे जमीन घेतली आणि ठाणे खाडीलगतचे विस्तीर्ण कांदळवन तसेच राखले. त्याच्या अभ्यासासाठी १९८५ मध्ये सागरी परिसंस्था केंद्र काढले. सीआरझेडची अधिसूचना १९९१ ची, उच्च न्यायालयाचा आदेश २००५ चा. म्हणजे कायद्याने हात धरायच्या आधीचे हे काम, तेही मुंबईतल्या जमिनीच्या भावात!

"ते गोदरेज, त्यांना परवडते. हे श्रीमंतांचे चोचले." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दहा गुंठ्यांच्या मालकाने मुलीच्या शिक्षणासाठी खाचर विकले तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण मंडळी, आपण ते दहा गुंठेवाले आहोत का? महिन्याला डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याने गावच्या हिश्श्यातून कॉन्डोचे डाउन पेमेंट काढणे ही गरज नव्हे, ती सोय आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट: अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण फेमाच्या नियमांप्रमाणे विकत घेता येत नाही. गेली ती गेली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. "राखली तर सरकार शिक्का मारेल आणि जमीन हातची जाईल." ही भीती काल्पनिक नाही. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखाली हजारो मालकांनी हे भोगले. खुद्द गोदरेजना विक्रोळीच्या काही जमिनीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा २०१४ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. राखणाऱ्याला शिक्षा आणि बुजवणाऱ्याला नफा, असा हा उलटा हिशोब आहे. अमेरिकेत १९९० पासून केंद्र सरकार शेतकऱ्याला पैसे देऊन त्याची पाणथळ जमीन कराराने राखून घेते. मालकी त्याचीच राहते. अशा रीतीने वीस लाख एकरांहून अधिक जमीन राखली गेली. आपल्याकडे अशी योजना मागायला हवी, जरूर मागू. पण ती येईपर्यंत भराव थांबणार नाही.

तोवर करारावर काम चालते. पुण्याची एईआरएफ ही संस्था संगमेश्वर भागात खासगी जंगलांच्या मालकांशी संवर्धनाचे करार करत आली आहे. रायगडच्या कांदळवनासाठीही तिने गावांबरोबर असेच काम हाती घेतले. मालकी मालकाची, मोबदला ठरलेला, मुदत लिहिलेली. आपण आयटीवाले दिवसभर सर्व्हिस ॲग्रीमेंटच लिहितो, हे समजायला अवघड नाही.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. गावच्या जमिनीचे सातबारा मागवा आणि कोणत्या गटात पाणी साचते ते विचारून घ्या. सगळ्या वारसांनी मिळून भराव न घालण्याचे लेखी ठरवा. गावात राहून जमीन बघणारा चुलतभाऊ असेल तर बांधाच्या आणि उघाडीच्या दुरुस्तीचा खर्च आपण उचला. राखण त्याने करायची आणि तोटाही त्यानेच सोसायचा, हा न्याय नव्हे. आणि कुलमुखत्यारपत्र पाठवण्यापूर्वी एकदा तरी जुलै महिन्यात त्या बांधावर जाऊन उभे राहा. पाणी कुठून येते आणि कुठे थांबते ते डोळ्यांनी बघा. मग सही करायची की नाही ते ठरवा.