सातबारा नाही, म्हणून मेलेला माणूस कास्तकार नाही?



दरवर्षी दिल्लीहून एक जाडजूड पुस्तक निघते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ते काढतो. देशात किती माणसं अपघातात गेली आणि किती जणांनी आत्महत्या केली, याचे आकडे त्यात असतात. २००६ सालचे आकडे असे होते. देशभरात १,१८,११२ आत्महत्या. त्यात शेतकरी १७,०६०. आणि त्यातले एकट्या महाराष्ट्रातले ४,४५३. म्हणजे देशात चार शेतकरी गेले तर त्यात एक तरी आपल्या राज्यातला. १९९५ साली राज्याचा हाच आकडा १,०८३ होता. अकरा वर्षांत चौपट झाला.

पेपरवाले आकडे छापून मोकळे झाले. पण पोडावरच्या, टोल्यावरच्या माणसांनी एक प्रश्न विचारला पाहिजे. या ४,४५३ मध्ये आपली माणसं किती?

त्या पुस्तकात याचं उत्तर सापडत नाही. त्यात आदिवासी असा रकानाच नाही. जंगलची जमीन कसणारा असाही नाही. मग कोलाम, गोंड, आंध, कोरकू यांच्या घरात कुणी आत्महत्या करतच नाही, असं समजायचं का?

आकडा बनतो कसा ते आधी पाहू. तो दिल्लीत बनत नाही, आपल्या पोलीस ठाण्यात बनतो. माणूस गेला की पोलीस पंचनामा करतात. त्यात मृताचा धंदा लिहितात, मरणाचं कारण लिहितात. तोच कागद जिल्ह्याला, तिथून पुण्याला आणि मग दिल्लीला जातो. आता धंदा लिहिताना शिपाई विचारतो, "सातबारा आहे का?" जबरानजोतवाल्याच्या घरात सातबारा कुठून येणार? तीन पिढ्या वावर वाहिलं, पऱ्हाटी पिकवली, पण कागदावर ते जंगल आहे. मग लिहिलं जातं 'मजूर'. तेव्हा दिल्लीच्या पुस्तकात जाईपर्यंत तो 'इतर' होत असे.

बाईचं तर विचारूच नका. निंदण, खुरपण, वेचणी, सगळी तिच्या हातची. ती गेली की 'गृहिणी'. ती कास्तकार होती हे कुणी लिहीत नाही.

कारणाचंही तसंच. पुस्तकात सगळ्यात वर दोन कारणं असतात, घरची भांडणं आणि आजारपण. घरात भांडण कशावरून झालं? बियाण्याला पैसे नाहीत म्हणून. आजार वाढला कशानं? दवाखान्याला पैसे नाहीत म्हणून. पण त्या रकान्यात एकच शब्द मावतो आणि तो शब्द सरकारला सोयीचा असतो.

दुसरी मोजणी महसूल खात्याची. मदतीचे एक लाख रुपये द्यायचे की नाही हे तीत ठरतं. कुटुंबाच्या नावानं शेती पाहिजे. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं पाहिजे. ते थकलेलं पाहिजे आणि वसुलीचा तगादा पाहिजे. हे सगळं जुळलं तर आत्महत्या 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. मरणसुद्धा पात्र-अपात्र असतं हे आपल्याला सरकारनंच शिकवलं.

आपल्याच भागातल्या एका पोडावरची गोष्ट. पाच एकर जंगलजमीन वाहणारा माणूस गेला. सातबारा नाही म्हणून बँक दारात उभी करत नव्हती. बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, वरचा पैसा गावच्या सावकाराकडून. चिठ्ठी नाही, पावती नाही. घरच्यांना एक पैसा मिळाला नाही. कागदावर त्याला शेतीही नव्हती अन्‌ कर्जही नव्हतं. सावकार मात्र तेराव्याच्या आत दारात आला.

काही साथी म्हणतात, गेलेला माणूस परत येत नाही, आकडे मोजून काय करता? साथींनो, सरकारचा पैसा आकड्याच्या मागं चालतो. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. आत्महत्येचे आकडे मोठे होते म्हणूनच ते आलं. २००८ च्या बजेटमध्ये ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. पाच एकरांपर्यंतच्या कास्तकाराला पूर्ण माफी होती, पण कर्ज बँकेचं नाहीतर सोसायटीचं पाहिजे होतं. ज्याला कधी बँकेनं कर्जच दिलं नाही, त्याचं काय माफ होणार होतं?

आत्महत्येचा 'दर' म्हणतात तोही समजून घ्या. लाख लोकवस्तीमागं किती जण गेले, तो दर. २००६ साली देशाचा दर १०.५ होता. जिल्ह्याचा दर काढताना शहर, बाजारपेठ, गाव, पोड सगळं एकत्र मिसळतात. वीस घरांच्या पोडावर वर्षात दोन माणसं गेली तरी जिल्ह्याच्या दरात ते दिसत नाही. वर पुष्कळ मरणं पोलिसांपर्यंत जातच नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न हा २०२४ पर्यंत कलम ३०९ प्रमाणे गुन्हा होता. त्या भीतीनं लोक सगळंच झाकत आले. मग दर कमी दिसतो, आणि दर कमी म्हणजे तिथं सगळं बरं आहे असं वरचे साहेब समजतात.

लाख रुपयांसाठी आपण हे मांडत नाही. जमीन नावावर नाही म्हणून बँक नाही. बँक नाही म्हणून सावकार. आणि याच एका कारणानं मेल्यावरही आपण हिशेबात नाही. मुळात दुखणं जमिनीचं आहे.

त्यावर उपाय आता हातात आला आहे. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो, त्याचा ४ हेक्टरपर्यंत हक्क मान्य होतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हुसकावू शकत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. म्हणजे उद्या घरधनी गेला तरी बाई उघड्यावर पडत नाही, आणि कागदावर ती 'गृहिणी' न राहता कास्तकार होते.

म्हणून प्रत्येक गावानं एवढं करावं :

१) वनहक्क समिती बसली नसेल तर ग्रामसभा घेऊन लगेच बसवा. पुराव्याला जुन्या दंडाच्या पावत्या, वावरातले बांध, विहिरी दाखवा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. आपली माणसं जिथं पुरली ती जागाही कायद्यात पुरावा आहे.

२) पंचनाम्यावर अंगठा लावायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घ्या. धंदा 'शेती' लिहायला लावा, बाईचासुद्धा.

३) मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा.

४) ग्रामसभेनं आपली वही ठेवावी. कोण गेलं, किती वावर कसत होतं, कुणाचं किती देणं होतं, सगळं लिहा. सरकारच्या आकड्यासमोर ठेवायला आपला आकडा पाहिजे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पेरणी जवळ येत आहे. हेच दिवस सावकाराचे. पोडावर कुणी गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, माणसांत येत नसेल तर त्याच्या घरी जा. एकदा नाही, रोज जा. देणं एकट्याचं नाही, सगळ्या पोडाचं आहे, हे त्याला सांगा. त्याला एकटं सोडू नका. कर्जापायी जीव द्यायचा नाही, जमीन नावावर करून घेऊन जगायचं. गेलेल्यांची वही आपण ठेवूच, पण त्या वहीत नवं नाव चढू द्यायचं नाही, ही या वर्षीची लढाई आहे.

कसेल त्याची जमीन! संघटनेचा विजय असो!