खुळखुळ्याला नियम, मग नळीला?

मुलांच्या खेळण्यांत थॅलेट किती असावं, यावर २०२१ पासून सक्तीचं बंधन आहे. पण दीड किलोच्या बाळाच्या नाकातून पोटात जाणारी नळी कशाची, हे कोण विचारतं?

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात डीईएचपी हे थॅलेट घालतात. ते दुधात, सलाईनमध्ये झिरपतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या वृषणांना त्यानं इजा झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्येच मुलग्यांसाठी पर्याय वापरायला सांगितलं. फ्रान्सनं २०१५ पासून नवजात विभागात अशा नळ्यांवर बंदीच घातली.

नळी जीव वाचवते, ती काढा असं मी म्हणत नाही. पण टेंडरमध्ये ‘डीईएचपी-मुक्त’ एवढं लिहायला काय जातं? सातारा आणि सांगली, दोन्ही सिव्हिलला मी माहिती अधिकारात हेच विचारतोय. आमदारसाहेब, तुम्ही विधानसभेत विचाराल का?