तळहाताएवढी जागा

सुपरमोटो म्हणजे मातीतल्या मोटारसायकलीला डांबरी रस्त्याची पायताणे चढवून झालेली गाडी. १९७९ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी भरवलेल्या शर्यतीतून ती पुढे आली. ही पायताणे, म्हणजे टायर, निवडावे कसे?

शर्यतीच्या गुळगुळीत टायरवर तरुण मंडळी भुलतात. पण तो चांगला तापल्यावाचून रस्ता नीट धरीत नाही, आणि खाचा नसल्याने पाणी बाहेर टाकीत नाही. मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्याचा टायर तापतो कुठला! त्याने गारठ्यात नि पावसात धरणारा, खाचांचा, रस्त्याचाच टायर घ्यावा.

माप गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच. १६०/६०-१७ म्हणजे रुंदी १६० मिलिमीटर, उंची तिच्या ६० टक्के, चाक १७ इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की तो चिमटला जातो नि वळणावर गाडी अवघडते. टायरच्या कडेवरची तारीखही वाचावी : २३२४ म्हणजे २०२४ च्या २३व्या आठवड्यात बनलेला.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. आपले माणूस त्याच जागेच्या भरवशावर घरी येते, हे दुकानात घासाघीस करताना विसरू नये!