टेंडर मिळेल, पण पैसे?

सरकारी टेंडरला ओळख लागते, असं कट्ट्यावर आपण ठोकून देतो. केंद्राच्या खरेदीचे नियम मात्र छोट्यांच्या बाजूचे आहेत. केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची आहे. २०१६ पासून ही खरेदी ‘जेम’ पोर्टलवर होते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करा, ती मोफत आहे (पैसे मागणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार!). मग टेंडरची अनामत रक्कमही माफ.

सगळ्यात कामाचा नियम पुढे आहे. मोठ्या कंपनीची सर्वात कमी बोली १०० रुपये आणि तुमची ११५ पर्यंत असेल, तर १०० रुपयांना माल द्यायची तयारी दाखवा. ऑर्डर विभागता येत असेल तर तिचा किमान चौथा हिस्सा तुमचा. अट एकच: वस्तू स्वतः बनवायची किंवा सेवा स्वतः द्यायची. इकडून घेऊन तिकडे विकणाऱ्याला हा फायदा नाही.

पण ११५ चा हिशेब १०० मध्ये बसवताना नफा उरतो का? आणि बिल? कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? तोवर कच्चा माल, कामगारांचा पगार, वीजबिल खिशातूनच. ‘ट्रेड्स’वर बिल वटवून आधी पैसे उचलता येतात, तेही खरेदीदाराने बिल मान्य केल्यावरच.