यंत्र आहे हो, पण रात्री दोनला चालू आहे का?

मंडळी, थंडी पडली की आमच्या टिटवाळ्यात गॅस गीझर पेटतात. न्हाणीघर एवढंसं, खिडकी वारा येतो म्हणून पुठ्ठ्याने बंद. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हा संशय गीझरवरच होता. दोन दिवस चर्चा झाली, मग सगळे गप्प.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास, आणि हायपरबेरिक चेंबरमध्ये, म्हणजे अडीच-तीन पट दाबाखाली, वीस-तीस मिनिटं. वर कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. माणूस बेशुद्ध, आकडा ९८!

बरं, मुंबई-ठाण्यात चेंबर नाहीत असं नाही. पण जाहिराती बघा: मधुमेहाच्या जखमा, सुरकुत्या, ताजंतवानं वाटणं. अपॉइंटमेंट घेऊन या म्हणे. गुदमरणारा माणूस काय अपॉइंटमेंट घेऊन गुदमरतो?

काही डॉक्टर म्हणतील, चेंबरचा फायदा कुठे सिद्ध झालाय? मुद्दा खरा आहे. २०११ च्या कोक्रेन आढाव्यानेही पुरावा अपुराच ठरवला. म्हणून सरसकट कुणालाच नको. पण बेशुद्ध पडलेला, गरोदर बाई, हृदयावर परिणाम झालेला, यांचा निर्णय डॉक्टरने घ्यायचा तर हाताशी पर्याय नको?

टिटवाळ्यात चेंबर बांधा असं मी म्हणत नाही. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात अशा पेशंटला दारातच पूर्ण ऑक्सिजन लागला पाहिजे आणि रक्ताची नेमकी तपासणी झाली पाहिजे. आणि व्हेंटिलेटरवरचा पेशंट रात्री घेणारं चेंबर कुठलं, फोन कोण उचलणार, याची जिल्ह्याची एक यादी १०८ च्या टेबलावर आणि लोकांसमोर हवी. आमच्याकडे एखाद्या दुकानाची वेबसाइट रात्री बंद पडली तरी कुणीतरी ऑन-कॉल असतो. माणसासाठी नको?

तोवर एक करा. गीझर न्हाणीघराबाहेर बसवा आणि तो पुठ्ठा आजच काढा.