नदीची ग्रेड कळेपर्यंत ॲडव्हान्स भरू नका!

नंदिनी नगर, अहिवारा आणि भिलाईतल्या मराठी मंडळींनो, परदेशी सहलीचं बुकिंग करायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. बाली, नेपाळच्या पॅकेजमध्ये ‘रिव्हर राफ्टिंगसह’ अशी एक ओळ असते आणि शेजारी ओलेचिंब हसणाऱ्या लोकांचा फोटो. एजंट त्यापुढे काही सांगत नाही, आपणही विचारत नाही. कृपा करून विचारा. नदी कोणती आणि आपण जाऊ त्या महिन्यात तिची ग्रेड किती, हे लेखी हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका.

खळाळत्या पाण्याची जगभर १ ते ६ अशी प्रतवारी आहे. १ म्हणजे नुसतं वाहतं पाणी, ६ म्हणजे थेट जिवाशी खेळ. पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्या कुटुंबाने २ वर थांबावं, फार तर ३ पर्यंत जावं. बालीतली आयुंग साधारण याच पट्ट्यात येते. व्हिक्टोरिया धबधब्याखालची झांबेझी मात्र ४-५ ची, आणि न्यूझीलंडच्या काइतुनावर तर राफ्ट सात मीटरच्या धबधब्यावरून खाली झेपावते. जाहिरातीत तिन्हीकडे शब्द एकच, राफ्टिंग.

त्यात ग्रेड पाण्याबरोबर बदलते. मे महिन्यातली शिवनाथ आणि ऑगस्टमधली शिवनाथ यांतला फरक दुर्गच्या माणसाला कशाला सांगायचा? नेपाळच्या त्रिशूलीचे चांगले महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. म्हणजे दिवाळीची सुटी उत्तम, जूनअखेरची नाही. बालीत उलटं, तिथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस.

‘मला पोहता येतं’ या भरवशावर कुणी जाऊ नये. तलावातलं पोहणं तिथे फारसं कामी येत नाही. राफ्टमधून पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर ठेवा. उभं राहायचा प्रयत्न अजिबात नको. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागचं पाणी माणसाला खाली दाबून धरतं. हे सगळं काठावरच नीट समजावून सांगणारा गाइड हवा; तो भाग उरकून घेत असेल तर राफ्टमध्ये बसू नका. लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बचावासाठी सोबत कायाक आणि फेकायचा दोर आहे का, तेही विचारा. आपल्या चुनखडीच्या खाणीत हेल्मेटशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. तीच माणसं परदेशात फोटोसाठी हेल्मेटचा पट्टा सोडतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

प्रवास विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. साहसी खेळ बऱ्याच पॉलिसींतून वगळलेले असतात, नाहीतर जादा हप्ता मागतात. हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर काठावर बसून चहा घ्यावा.

आणि परदेशाआधी एकदा कोलाडला जाऊन या. मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे आपलं जाणं होतंच, तिथून कोलाड जवळ. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार करून कोलाडच्या कुंडलिका नदीत उतरतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग चालतं. मात्र पाणी सोडलं जाईल तेव्हाच, बहुधा सकाळी. ग्रेड २-३. मुलगा घाबरतो की खुलतो, आणि त्याचे बाबासुद्धा, ते तिथे थोडक्या पैशांत कळेल.

ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी आजच एजंटला मेसेज करावा: नदीचं नाव, त्या महिन्यातली ग्रेड, मुलांसाठी किमान वय, विमा. उत्तर गोलमोल आलं तर तेवढं राफ्टिंग पॅकेजमधून काढायला लावा. बालीतल्या उबूदची भातशेती बघायला तो दिवस तसाही अपुराच पडतो.